खांब काढला, पण त्या जागी काय ठेवलं?

(ऐकण्याच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी गाळली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. फोटोतलं नको ते कसं काढायचं, हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता टाळणं शक्य नाही. कुणाला बुरुजासमोरून गेलेली विजेची तार काढायचीय, कुणाला नवरीच्या डोक्यातून उगवलेला मांडवाचा खांब, कुणाला स्टेजवरच्या पाण्याच्या बाटल्या. एका ताईंनी तर लिहिलंय, "काढायची वस्तू म्हणजे माझे मोठे दीर आहेत, चालेल का?" थांबा ताई, दिरांकडे येणारच आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, ती समजली की पुढचं सगळं सोपं जातं. कुठलंही सॉफ्टवेअर फोटोतून काहीही 'काढत' नाही. टेबलावरची बाटली आपण उचलली की मागचं कापड दिसतं, कारण ते तिथे असतं. फोटोत बाटलीच्या मागे काहीच नसतं. शटर दाबलं त्या क्षणी मागच्या कापडावरून येणारा उजेड बाटलीने अडवला, तो कॅमेऱ्यात शिरलाच नाही. म्हणजे बाटली पुसली की राहतं ते भोक, आणि ते कशाने तरी बुजवावं लागतं. सगळी करामत या बुजवण्यात आहे. तांत्रिक भाषेत याला 'इनपेंटिंग' म्हणतात. हा शब्द संगणकवाल्यांनी जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्यांकडून उचललाय. तैलचित्राचा पोपडा उडाला की तिथे नव्याने रंग भरतात, ते इनपेंटिंग.

मग प्रश्न उरतो तो असा, की बुजवायला माल आणायचा कुठून? माझ्या मते नवीन माणसाने बटणं पाठ करण्याआधी एवढंच विचारावं. कारण माल कुठून आणलात, त्यावर तो फोटो किती खरा राहिला हे ठरतं.

सगळ्यात चांगला माल मिळतो त्याच जागेच्या दुसऱ्या फोटोतून. समजा तुम्ही शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभे आहात, रविवार आहे, माणसांचा पूर आहे. कॅमेरा स्थिर करा. ट्रायपॉड असेल तर उत्तम, पण संरक्षित स्मारकात त्याला परवानगी लागते, तेव्हा आधी विचारा. नाहीतर एखाद्या कठड्यावर कॅमेरा टेकवा. फोकस आणि एक्स्पोजर बांधून टाका, म्हणजे मॅन्युअलवर ठेवा. आता वीस-तीस सेकंदांच्या अंतराने पंधरा-वीस फोटो घ्या. घरी येऊन फोटोशॉपमध्ये ते एकावर एक रचायचे, सगळ्यांचा मिळून स्मार्ट ऑब्जेक्ट करायचा आणि स्टॅक मोडमध्ये 'मीडियन' निवडायचं. गिंप वापरणाऱ्यांना जीमिक नावाच्या प्लगइनमध्ये हेच करता येतं.

यात संगणक काय करतो बघा. दरवाजावरचा एक ठिपका घेतो. वीसही फोटोंत त्या ठिपक्याची किंमत काय आहे ते पाहतो, त्या किमती लहानापासून मोठीपर्यंत लावतो आणि मधली उचलतो. वीसपैकी सोळा फोटोंत तिथे दगड असेल आणि चारांत कुणाकुणाचे टी-शर्ट, तर मधली किंमत दगडाचीच येणार. असं प्रत्येक ठिपक्याचं. माणसं साखरेसारखी विरघळतात. मला हा प्रकार फार आवडतो, कारण त्यात भरलेला प्रत्येक कण त्या दिवशी, त्या उजेडात, खरोखर तिथे होता. कुणी कल्पना केलेली नाही. अडचण एकच, जो हलत नाही तो जात नाही. दारात बसलेला फुगेवाला वीसही फोटोंत तिथेच असतो. मी म्हणतो, राहू दे त्याला. रविवारी तिथे तो असतोच.

लग्नातल्या ग्रूप फोटोचे एकाऐवजी पाच फोटो घ्यायचे ते याचसाठी. एकात काकांचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात कुणी पोरगं आडवं गेलेलं. पाचांतून मिळून एक धड फोटो निघतो.

दुसरा माल त्याच फोटोतला. इकडचं गवत उचलून तिकडे लावायचं. फोटोशॉपमधलं क्लोन स्टॅम्प हे याचं सगळ्यात साधं हत्यार, रबरी शिक्क्यासारखं. ऑल्ट दाबून नमुना कुठून घ्यायचा ते दाखवायचं आणि हवं तिथे शिक्का मारायचा. शिक्का जसाच्या तसा उमटतो, त्यामुळे उजेड जरा बदलला की ठिगळ दिसतं. २००२ मध्ये फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला, त्याने हे दुखणं बरंचसं मिटवलं. तो पोत तुम्ही दाखवाल तिथून घेतो, पण रंग आणि उजेड जिथे लावताय तिथल्याशी जुळवून घेतो. चेहऱ्यावरचे डाग काढायला लोक तो वापरायला लागले आणि पुढे काय झालं ते आपण लग्नाच्या अल्बममध्ये पाहतोच. सगळ्यांचे चेहरे उकडलेल्या अंड्यासारखे. असो.

२०१० मध्ये कंटेंट-अवेअर फिल आलं. नुसती खूण करायची, बाकी नमुना कुठून घ्यायचा ते सॉफ्टवेअर स्वतः ठरवणार. त्यामागची 'पॅचमॅच' नावाची रीत आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती आणि ती इतकी मजेदार आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. भोकाच्या जागी लहान तुकडे बसवायचेत, पण सगळा फोटो धुंडाळून प्रत्येक तुकड्याला जोडीदार शोधायचा तर फार वेळ जाणार. मग काय करायचं? डोळे मिटून कुठेही बोट ठेवायचं! बहुतेक अंदाज चुकतात, पण हजारो अंदाजांत काही नशिबाने बरे लागतात. ज्याचा अंदाज बरा लागला तो शेजाऱ्याला सांगतो, "अरे, मला इथे मिळालं, तूही याच्या बाजूलाच बघ." चांगली बातमी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पसरते आणि चार-पाच फेऱ्यांत बहुतेकांची सोय होते. लग्नं जुळवण्याची आपली पद्धत याहून फार वेगळी नाही.

या मालाने आकाश, वाळू, गवत, काळा कातळ, कौलं छान बुजतात. पैठणीचा काठ, जिन्याचे गज, दुकानाची पाटी, हाताची बोटं बुजत नाहीत. कारण इथे नुसता पोत जुळून भागत नाही. काठावरचा मोर अर्धा कापला गेला तर तो पूर्ण कसा होतो हे माहीत असावं लागतं, आणि पॅचमॅचला मोर म्हणजे काय ते ठाऊक नाही. म्हणून ज्या फोटोत रेषा आहेत तिथे मी आधी रेषा हाताने जोडून घेतो. फरशीची सांध, खिडकीची चौकट, साडीचा काठ, हे क्लोन स्टॅम्पने नीट सांधायचं आणि मग मधला सपाट भाग सॉफ्टवेअरवर सोडायचा. सगळं एका दमात खुणावलं की फरशा वितळल्यासारख्या होतात.

आणखी दोन-तीन गोष्टी हाताला लावून घ्या. वस्तू काढली आणि सावली ठेवली, हा फोटो पकडला जाण्याचा राजमार्ग. ओल्या फरशीवर, कुंडाच्या पाण्यात वस्तूचं प्रतिबिंब असतं, तेही जायला हवं. खूण करताना वस्तूच्या कडेच्या जरा बाहेरून करा, नाहीतर तिच्या रंगाची धूसर किनार मागे राहते. तार काढताना ती अख्खी एकदम काढू नका. आकाशातला तुकडा वेगळा, झाडावरचा वेगळा, भिंतीवरचा वेगळा. झाडातली तार पुष्कळदा तशीच सोडली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. काम नेहमी वेगळ्या लेयरवर. झालं की फोटो आडवा उलटा करून बघा, आरशात बघितल्यासारखा. सरावलेल्या डोळ्याला न दिसलेली जुळी पानं आणि जुळे ढग उलटा केल्यावर पटकन दिसतात. रात्रीच्या किंवा जुन्या फोटोंत सगळीकडे रवाळपणा असतो आणि बुजवलेली जागा तेवढी गुळगुळीत दिसते, तिथे थोडा नॉइज घालावा लागतो.

आता तिसरा माल. हा फोटोत नाही, शेजारच्या फोटोतही नाही. असंख्य फोटो बघून शिकलेल्या मॉडेलच्या अंदाजातून तो येतो. २०२१ मध्ये गूगलच्या पिक्सेल ६ फोनबरोबर मॅजिक इरेजर आलं, २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल, २०२४ मध्ये ॲपलच्या नव्या फोनांत क्लीन अप. बोटाने गोल काढला की वस्तू गायब. अर्धा तास लागायचा ते काम पाच सेकंदांत होतं आणि बहुतेक वेळा माझ्याहून बरं होतं. याचा मला राग नाही. तारा, बाटल्या, कचऱ्याचे डबे यांसाठी मीही तेच वापरतो.

पण जनरेटिव्ह फिल एका वेळी तीन पर्याय देतं, याचा जरा विचार करा. तीन! खांबामागे भिंत तर एकच होती. तीन पर्याय देऊ शकणारा तुम्हाला काय होतं ते सांगत नसतो, काय असू शकलं असतं ते सांगत असतो. भिंतीच्या बाबतीत या फरकाने कुणाचं काही बिघडत नाही. चेहऱ्याच्या बाबतीत बिघडतं.

माझ्याकडे येणाऱ्या कामात निम्मं काम हाराच्या फोटोंचं असतं. घरातलं माणूस गेलं की दहाव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा असतो आणि तेव्हा कळतं की त्या माणसाचा एकट्याचा फोटोच नाही. विशेषतः आयांचा नसतो. त्या कायम कुणाच्या तरी मागे, कुणाला तरी कडेवर घेऊन, फोटोच्या कडेला. मग कुठल्या तरी लग्नातला ग्रूप फोटो येतो, आजूबाजूची माणसं काढायची, मागे निळा पडदा टाकायचा आणि मोठा करायचा. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तुम्ही असे फोटो पाहिले असतील. कधी कधी खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहिलेली असतात, माणूस नसतो.

एक बाई असाच त्यांच्या आईचा फोटो घेऊन आल्या. आईचा डावा कान आणि थोडा गाल शेजारी उभ्या असलेल्या नणंदेच्या डोक्यामागे झाकलेला. मी दोन नमुने केले. एकात नणंद काढून टाकली आणि झाकलेला भाग मॉडेलकडून भरून घेतला. दुसऱ्यात नणंदेचा थोडा खांदा आणि केस तसेच ठेवले, फक्त बाकीचा मांडव मंद केला. पहिला नमुना दिसायला उत्तम होता. कुणीही तोच घेतला असता. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा आईचा कान नाही. तिच्या कानाची पाळी ओघळलेली होती, जड कुड्यांनी. छिद्र लांब झालं होतं." मॉडेलने दिलेला कान तरुण बाईचा होता, नीटस, कुणाचाही. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, या बाईंच्या आईने चाळीस वर्षं काय घातलं होतं.

मी म्हटलं, उजवा कान दिसतोय, तो उलटा करून डावीकडे लावता येईल. निदान तो त्यांचा स्वतःचा असेल. त्यांनी विचार केला आणि दुसरा नमुना घेतला. म्हणाल्या, "राहू दे आत्याचा खांदा. दोघींचं जमायचं नाही, पण उभ्या तर शेजारीच होत्या."

अशा कामात माझी आता एक रीत आहे. चेहरा, हात, दागिने, म्हणजे घरचे लोक ज्यावरून माणूस ओळखतात ते, तिथे तिसरा माल वापरायचा नाही. घरातला दुसरा फोटो शोधायला सांगायचं, त्याच फोटोतलं काही उसनं घेता आलं तर घ्यायचं, नाहीतर झाकलेलं झाकलेलंच ठेवायचं. मागचा पडदा, मांडव, खुर्च्या, तिथे काहीही चालतं. वीस वर्षांनी नातवंडं तो फोटो बघणार आणि त्यांच्यासाठी आजीचा कान तोच होणार, हे मला जरा जास्तच वाटतं.

आता बातमीचे फोटो. ४ मे १९७० रोजी अमेरिकेत ओहायोच्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. जॉन फिलोचा त्यातला फोटो प्रसिद्ध आहे. जमिनीवर पडलेला तरुण आणि त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसून आक्रोश करणारी चौदा वर्षांची मुलगी. फोटोला पुलित्झर मिळालं. या मुलीच्या डोक्यामागे बरोब्बर एक कुंपणाचा खांब आहे, नवरीच्या डोक्यातून मांडवाचा उगवतो तसाच. कुणीतरी तो काढून टाकला आणि खांब नसलेली प्रत फिरत राहिली. १९९५ मध्ये 'लाइफ' मासिकाने तीच छापली आणि वाद पेटला. खांबाने घटनेत काही फरक पडतो का? नाही. पण वाचकाच्या मनात पुढचा प्रश्न येतोच, की खांब काढला तर अजून काय काय काढलं असेल?

असोसिएटेड प्रेसने २०१४ मध्ये नार्सिसो कोन्त्रेरास या छायाचित्रकाराशी संबंध तोडले ते याच मुद्द्यावर. आदल्या वर्षी पुलित्झर मिळालेल्या चमूतला माणूस. सीरियातल्या एका फोटोत कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्याने पुसून तिथे जमीन भरली. संस्थेने त्याचे बाकीचे जवळपास ५०० फोटो तपासले, दुसऱ्या कशात खाडाखोड सापडली नाही, तरी सगळे संग्रहातून काढले. शिक्षा कडक वाटते. मला विचाराल तर संस्थेचं बरोबर होतं. त्या धंद्यात लोक फोटोकडे साक्षीदार म्हणून बघतात आणि साक्षीदाराने 'तेवढंच जरा बदललं' म्हणून चालत नाही.

आपल्यातले थोडेच जण युद्धावर जातात. पण पिकाच्या नुकसानीचा फोटो, घराच्या तड्याचा फोटो, अपघातात चेपलेल्या गाडीचा फोटो आपण सगळेच काढतो. तिथे एक बोटही लावू नका. समोर पडलेली चप्पल वाईट दिसते म्हणून काढली तरी उद्या कुणी विचारलं तर अख्ख्या फोटोवर संशय येईल. वन्यजीव किंवा निसर्ग विभागात सलॉनला फोटो पाठवणाऱ्यांनीही नियम वाचा. त्या विभागात फोटो कापून लहान करता येतो, सेन्सरवरच्या धुळीचा डाग काढता येतो, पण पक्ष्यासमोरची काडी पुसता येत नाही. परीक्षक मूळ रॉ फाइल मागू शकतात.

तर आता दीर.

माणसं काढायची हौस फोटोशॉपच्या कितीतरी आधीची आहे. मॉस्को–व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनबरोबर चालणाऱ्या येझोवचा फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. येझोव स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. १९४० मध्ये त्याला गोळी घातली आणि फोटोत त्याच्या जागी कालव्याचं पाणी भरलं. ब्रश आणि ब्लेडने केलेलं काम, पण इतकं सफाईदार की मूळ फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. म्हणजे तेव्हाही माल भरावाच लागला होता.

घरात स्टालिन नसतो, पण घटस्फोट होतात, वाटण्या होतात, कोर्टात केसेस चालतात. सोडून गेलेल्या नवऱ्याला बहिणीच्या लग्नातल्या फोटोतून काढायचं, हे काम माझ्याकडे नेमाने येतं आणि मी ते करतो. भिंतीवर रोज कुणाचं तोंड बघायचं हे ठरवायचा हक्क त्या बाईचाच आहे. मी फक्त एवढं विचारतो की मूळ फोटो कुठे आहे. कारण त्याच फोटोत नवऱ्याच्या कडेवर तिचा मुलगा असतो. बाप काढला की पोरगं हवेत तरंगतं, मग त्याला मामाच्या कडेवर बसवायचं की काय ते ठरवावं लागतं, आणि तो मुलगा मोठा झाल्यावर मूळ फोटो मागू शकतो. त्याला तो मिळायला हवा.

म्हणून ताई, दीर काढा. ते कडेला उभे असतील तर फोटो नुसता कापा, त्याइतकं सोपं आणि खरं दुसरं काही नाही. मधोमध असतील आणि त्यांचा हात तुमच्या यजमानांच्या खांद्यावर असेल, तर तो हात आधी बघा, कारण सगळं काम त्या हातातच आहे. शर्टवर पडलेली त्याची सावली, हाताखाली चुरगळलेलं कापड, हे सगळं बदलावं लागेल. आणि मूळ फोटो वेगळ्या नावाने, वेगळ्या जागी ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे, ती आकसलेली असते. फोनमधलीच किंवा स्कॅन केलेली पूर्ण फाइल ठेवा. नावात सरळ मराठीत 'मूळ' लिहा आणि दुसरीच्या नावात 'दुरुस्त'. फोटो छापून अल्बममध्ये लावणार असाल तर मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा, काय काढलं आणि कधी.

फुकटात काय वापरावं, असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. फोनवर स्नॅपसीडमधलं हीलिंग, लहानसहान गोष्टींना पुरतं. संगणकावर गिंप, त्यात क्लोन आणि हील दोन्ही आहेत, आणि रीसिंथेसायझर नावाचं प्लगइन टाकलं की कंटेंट-अवेअरच्या जवळपास जाणारं काम होतं. शिकायला एखादा तारेचा फोटो घ्या, आकाशासमोरची एकच तार. ती जमली की खांबाला हात घाला.

पुढच्या भागात बुरशी धरलेले जुने फोटो घरच्या घरी स्कॅन कसे करायचे ते बघू. प्रश्न पाठवत राहा. नमस्कार.